क्रीडा शिष्यवृत्ती आणि पालकांच्या अपेक्षा

पाल्याच्या क्रीडानैपुण्याच्या बळावर त्याला महाविद्यालयात प्रवेश, शुल्कमाफी, शिष्यवृत्ती किंवा पुढे सरकारी नोकरी मिळेल, अशी अनेक पालकांची अपेक्षा असते. ही अपेक्षा आणि असे लाभ प्रत्यक्षात मिळण्याची शक्यता यांत मोठी तफावत आढळते. अमेरिकेत या तफावतीची चर्चा प्रामुख्याने विद्यापीठांच्या क्रीडा शिष्यवृत्तींच्या संदर्भात होते. महाराष्ट्रात विद्यापीठांकडून मिळणाऱ्या संपूर्ण शिष्यवृत्तीची परंपरा नाही. तिची जागा दहावी-बारावीचे क्रीडा गुण, प्रवेशातील खेळाडूंच्या राखीव जागा, केंद्र व राज्य शासनाच्या योजना आणि शासकीय सेवेतील खेळाडू आरक्षण यांनी घेतली आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील परिस्थितीचा, विशेषतः रायगड जिल्ह्यातील पनवेल परिसराच्या संदर्भात, विचार केला आहे.

## संज्ञा व व्याप्ती

‘क्रीडा शिष्यवृत्ती’ ही संज्ञा बोलण्यात सैलपणे वापरली जाते. तिच्यात पुढील चार वेगवेगळ्या गोष्टींचा समावेश होतो.

- क्रीडा गुण : माध्यमिक व उच्च माध्यमिक शालान्त परीक्षेत पात्र खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण. लोकभाषेत यांना ‘ग्रेसचे मार्क’ म्हणतात.
- खेळाडू कोटा : शैक्षणिक संस्थांत प्रवेशासाठी खेळाडूंकरिता ठेवलेल्या राखीव किंवा अतिरिक्त जागा.
- आर्थिक साहाय्य : प्रशिक्षण, निवास, आहार आणि किरकोळ खर्च यांसाठी शासन, क्रीडा संघटना वा खासगी संस्था यांच्याकडून मिळणारी रक्कम.
- नोकरीतील आरक्षण : शासकीय सेवा, रेल्वे, पोलीस, सैन्यदल व सार्वजनिक उपक्रम यांतील खेळाडूंची भरती.

या चारही लाभांचे निकष, पात्र खेळांच्या याद्या आणि मंजुरी देणारी कार्यालये वेगवेगळी आहेत. एका लाभासाठी पात्र ठरलेले प्रमाणपत्र दुसऱ्या लाभासाठी पात्र ठरेलच असे नाही. पालकांच्या अपेक्षाभंगाची सुरुवात पुष्कळदा हा भेद लक्षात न घेतल्यामुळे होते.

## पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील खेळाडूंना आश्रय मिळे तो मुख्यतः संस्थानिकांचा, तालमींचा आणि गावाचा. खाशाबा जाधव यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कराडजवळील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यात भर घातली. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. त्या काळी खेळातून मिळणारा स्थैर्याचा मार्ग तो एवढाच होता.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींतून निवडक मुलांना निवास, शिक्षण व प्रशिक्षण एकत्रितपणे मिळू लागले. शासनाच्या ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने अत्युच्च गुणवत्ताधारक खेळाडूंना शासकीय सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण लागू झाले. १ जुलै २०१६ रोजी त्याचे निकष सुधारण्यात आले. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग व २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर खेळ हा उत्पन्नाचा मार्ग असू शकतो, ही कल्पना मध्यमवर्गीय घरांत रुजली. त्यापाठोपाठ केंद्र शासनाची ‘खेलो इंडिया’ योजना आली. तिच्या पहिल्या शालेय स्पर्धा २०१८ च्या आरंभी दिल्लीत व पुढच्या युवा स्पर्धा जानेवारी २०१९ मध्ये बालेवाडीत झाल्या. एका पिढीपूर्वी ‘खेळून पोट भरत नाही’ असे म्हणणारा पालकवर्ग अशा रीतीने दुसऱ्या टोकाकडे झुकू लागला.

## लाभांचे प्रत्यक्ष स्वरूप

### परीक्षेतील क्रीडा गुण

मान्यताप्राप्त खेळाच्या अधिकृत स्पर्धेत ठरावीक पातळीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला दहावी व बारावीच्या परीक्षेत क्रीडा गुण मिळतात. स्पर्धेची पातळी आणि विद्यार्थ्याची कामगिरी यांनुसार ते कमी-अधिक असतात. शाळेमार्फत प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो आणि तेथील शिफारशीनंतर शिक्षण मंडळ गुण देते. खासगी अकादम्यांनी भरवलेल्या ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ नावाच्या स्पर्धा केवळ नावामुळे पात्र ठरत नाहीत. मुंबई विद्यापीठातही क्रीडा आणि राष्ट्रीय सेवा योजना यांसाठी पदवी परीक्षेत १० गुणांची सवलत देणारा अध्यादेश आहे. या सवलतींचा फायदा उत्तीर्ण होण्यासाठी किंवा टक्केवारी थोडी उंचावण्यासाठी होतो. शिक्षणाचा खर्च त्यांतून निघत नाही.

### महाविद्यालयीन प्रवेश

भारतातील खेळाडू कोटा प्रवेश देतो. शुल्क माफ करतोच असे नाही. दिल्ली विद्यापीठात क्रीडा व अन्य अभ्यासेतर गुणवत्ता मिळून अतिरिक्त जागांची कमाल मर्यादा ५ टक्के आहे. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अतिरिक्त जागा ठेवल्या आणि त्यांपैकी एक मुलींसाठी राखली. अशी तरतूद करणारी ती पहिली आयआयटी होय. मात्र उमेदवाराने जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षेच्या गुणवत्ता यादीत स्थान मिळवलेले असणे आणि मागील चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान एक पदक मिळवलेले असणे, या दोन्ही अटी तेथे लागू आहेत. याचा अर्थ, खेळ हा अभ्यासाला पर्याय म्हणून नव्हे, तर अभ्यासाच्या जोडीने विचारात घेतला जातो.

### शासकीय आर्थिक साहाय्य

‘खेलो इंडिया’ योजनेतून निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला सुमारे ५ लाख रुपये आठ वर्षांपर्यंत खर्च करण्याची तरतूद जाहीर झाली. वृत्तपत्रांतील मथळ्यांमुळे ही रक्कम थेट कुटुंबाच्या हाती पडते, असा समज पसरला. वास्तविक तिचा मोठा भाग प्रशिक्षण, निवास, आहार, साहित्य आणि स्पर्धाप्रवास यांसाठी मान्यताप्राप्त अकादमीमार्फत खर्च होतो. खेळाडूला किरकोळ खर्चासाठी मिळणारी रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे. शिवाय खेळाडूच्या कामगिरीचा आढावा घेतला जातो आणि ती घसरल्यास नाव यादीतून वगळले जाऊ शकते. ऑलिंपिकसाठी तयारी करणाऱ्या खेळाडूंकरिता २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘टॉप्स’ योजनेत मुख्य गटाला दरमहा ५०,००० रुपये व विकास गटाला २५,००० रुपये भत्ता मिळतो. परंतु ती देशातील मोजक्या खेळाडूंपुरती मर्यादित आहे.

### नोकरीतील आरक्षण

महाराष्ट्रातील ५ टक्के आरक्षण समांतर स्वरूपाचे आहे. ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या अंतर्गत लागू होते. वरिष्ठ गटातील पदांसाठी आंतरराष्ट्रीय व राष्ट्रीय पातळीवरील कामगिरी अपेक्षित असते, तर कनिष्ठ गटांतील पदांसाठी राज्य अजिंक्यपद स्पर्धेतील पहिल्या तीन क्रमांकांचा विचार होतो. उमेदवाराला भरतीची परीक्षा द्यावीच लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. केवळ सहभागाच्या प्रमाणपत्राला येथे फारसे मोल नाही.

## स्पर्धेची चाळणी

शालेय स्पर्धांची रचना पाहिली तर शक्यतेचे गणित स्पष्ट होते. महाराष्ट्रात १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत स्पर्धा होतात आणि त्या तालुका, जिल्हा किंवा महानगरपालिका, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर सरकतात. क्रीडा खात्याचे विभाग आठ आहेत : मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती व नागपूर.

कबड्डीसारख्या सांघिक खेळात प्रत्येक विभागातून एक संघ राज्यस्पर्धेत उतरतो. संघात १२ खेळाडू धरले, तर एका वयोगटात एकूण ९६ मुले राज्यपातळीवर पोहोचतात आणि त्यांतून राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या संघात १२ जण निवडले जातात. मागे उरतात ती तालुक्यातालुक्यांतील शेकडो शाळांच्या संघांतली मुले. यात कोणाचे कौशल्य कमी असतेच असे नाही. जागाच तेवढ्या असतात. जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा विभागात पहिल्याच फेरीत बाद होणे ही या रचनेत अपवादात्मक नव्हे, तर नेहमीची घटना आहे.

वय वाढते तशी ही चाळणी अधिक बारीक होत जाते. बाराव्या-तेराव्या वर्षी मिळणाऱ्या यशात शरीराची लवकर झालेली वाढ हा मोठा घटक असतो. इतर मुलांची वाढ पूर्ण झाल्यावर तो फायदा ओसरतो. पालक मात्र त्या वयातील पदकांवरून पुढील दहा वर्षांचा अंदाज बांधतात.

## अपेक्षा वाढण्याची कारणे

- यशाच्याच कथा दिसणे : जिंकलेल्या खेळाडूची मुलाखत छापून येते, त्याच मैदानावर त्याच्यासोबत सराव करून पुढे खेळ सोडलेल्यांची नोंद कुठेच होत नाही. परिणामी यशाचे प्रमाण आहे त्यापेक्षा जास्त भासते.
- गुंतलेला पैसा व वेळ : शिकवणी, साहित्य, प्रवास यांवर काही वर्षे खर्च केल्यानंतर माघार घेणे म्हणजे आधीचा खर्च वाया घालवणे, असे वाटू लागते आणि त्यापोटी नवा खर्च केला जातो.
- व्यावसायिक प्रशिक्षणकेंद्रांची जाहिरात : काही केंद्रे प्रवेशाच्या वेळीच कोटा, नोकरी आणि परदेशी शिष्यवृत्ती यांची आश्वासने देतात.
- पातळीच्या नावांचा घोळ : एकाच खेळाच्या दोन-तीन संघटना असतात आणि प्रत्येक जण आपल्या स्पर्धेला ‘राष्ट्रीय’ म्हणतो. पालकांना मान्यताप्राप्त कोणती, हे कळत नाही.
- प्रवेश व नोकरीतील चुरस : एकेका गुणाने प्रवेश हुकणाऱ्या व्यवस्थेत काही सवलतीचे गुणही मोठे वाटतात. खेळाचा विचार आवड म्हणून न होता गुण मिळवण्याचा मार्ग म्हणून होऊ लागतो.
- पालकांची स्वतःची अपुरी राहिलेली इच्छा : परिस्थितीमुळे ज्यांना खेळ सोडावा लागला, असे पालक मुलांकडून अधिक अपेक्षा बाळगतात असे प्रशिक्षकांच्या अनुभवात वारंवार येते.

‘कमी गर्दीचा खेळ’ निवडण्याची एक युक्तीही पालकांत प्रचलित आहे. खेळणारे थोडे, म्हणून पदक लवकर, असा तिच्यामागचा हिशेब असतो. परंतु असा खेळ शासनाच्या पात्र खेळांच्या यादीत नसला, त्याच्या संघटनेची मान्यता गेली किंवा संघटनेत वाद निर्माण झाला, तर साठवलेली प्रमाणपत्रे निरुपयोगी ठरतात.

## पनवेल परिसर

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील जुने व्यापारी गाव. येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी जमीन संपादित केली, तिच्यात पनवेल तालुक्यातील अनेक गावांचा समावेश होता. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे व खारघर या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. आज आगरी-कोळी वस्तीची मूळ गावे, मुंबईतून घराच्या शोधात आलेली कुटुंबे, देशाच्या इतर भागांतून आलेले नोकरदार आणि डोंगरपायथ्याच्या आदिवासी वाड्या असे मिश्र चित्र येथे दिसते.

या मिश्रणामुळे क्रीडाविषयक अपेक्षाही थरांनी बनलेल्या आहेत. मूळ गावांमध्ये कबड्डीची परंपरा खोल आहे; गावाच्या नावाचा संघ आणि रात्री प्रकाशझोतात होणारे सामने हा तेथील सामाजिक जीवनाचा भाग आहे. तेथे खेळाचा आदर्श रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या संघात लागलेला गावातला मुलगा असतो. वसाहतींमधील कुटुंबांत क्रिकेट, फुटबॉल, जलतरण, स्केटिंग, बॅडमिंटन व टेनिस यांकडे ओढा अधिक असून तेथे महाविद्यालयीन कोटा व परदेशी शिष्यवृत्ती यांची चर्चा होते. आदिवासी वाड्यांतील काटक मुलांना मात्र स्पर्धेची माहितीच उशिरा मिळते. अपेक्षा अवास्तव असण्यापेक्षा ती निर्माणच न होणे ही तेथील अडचण आहे.

सुविधांच्या बाबतीत पनवेल परिसर राज्यातील बहुतेक तालुक्यांपेक्षा पुढे आहे. पनवेलमध्ये कर्नाळा स्पोर्ट्स अकादमी, उलवे येथे रामशेठ ठाकूर आंतरराष्ट्रीय क्रीडासंकुल आणि खारघर येथे सिडकोचे गोल्फ मैदान व फुटबॉलचे केंद्र आहे. असे असूनही मोठ्या क्रिकेट स्पर्धांसाठी येथील मुलांना हार्बर मार्गाच्या लोकलने मुंबईच्या मैदानांवर जावे लागते. पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४९ किलोमीटर असून एका फेरीला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. आठवड्यातून चार-पाच दिवस हा प्रवास करणाऱ्या मुलाचे दिवसाचे अडीच-तीन तास रेल्वेतच जातात आणि त्याच्यासोबत जाणाऱ्या पालकाचेही. राज्यपातळीच्या शिबिरांसाठी द्रुतगती मार्गाने बालेवाडी गाठावी लागते.

पनवेलच्या खेळाडूंपुढील आणखी एक अडचण भौगोलिक आहे. रायगड जिल्हा क्रीडा खात्याच्या मुंबई विभागात येतो. त्यामुळे जिल्ह्यात यश मिळवलेल्या मुलाची पुढची लढत थेट मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि ठाणे येथील खेळाडूंशी होते. जलतरण, टेनिस, क्रिकेट यांसारख्या खेळांत तेथील क्लबांची परंपरा जुनी आहे. जिल्हा अजिंक्यपदावरून राज्यपातळीचा अंदाज बांधणाऱ्या पालकांच्या हिशेबात ही पायरी सहसा धरलेली नसते.

## परिणाम

### आर्थिक

खेळाच्या खर्चात प्रशिक्षणशुल्काखेरीज बूट, रॅकेट, बॅट, काडतुसे यांसारखे साहित्य, आहार, प्रवास, स्पर्धाप्रवेश व वैद्यकीय खर्च येतो. कुटुंबाची बचत, भविष्यनिर्वाह निधी किंवा दागिने यांवर त्याचा भार पडतो. जी रक्कम उच्च शिक्षणासाठी साठवता आली असती, ती उच्च शिक्षण फुकट मिळेल या आशेवर खर्च होते, हा या व्यवहारातील मूळ विरोधाभास आहे. एका मुलासाठी घरातील दुसऱ्या भावंडाच्या, विशेषतः मुलीच्या, शिक्षणाला कात्री लागल्यास त्याची किंमत आणखी वाढते.

### शैक्षणिक

सरावासाठी नियमित शाळा सोडून राष्ट्रीय मुक्त विद्यालयात नाव घालणे किंवा ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावीस बसणे, हा मार्ग काही पालक निवडतात. उच्च पातळीवरील खेळाडूला तो सोयीचा ठरतो. परंतु जिल्हापातळीच्याही वर न गेलेल्या मुलाच्या हाती पुढे खेळही राहत नाही आणि अभ्यासाचा पायाही कच्चा राहतो. शिवाय बाहेरून बसलेल्या विद्यार्थ्याचा आंतरशालेय स्पर्धांशी संबंध तुटतो. म्हणजे ज्या शिडीवरून वर जायचे तीच काढून घेतली जाते.

### शारीरिक व मानसिक

वाढीच्या वयात एकाच खेळाचा अतिसराव केल्यास गुडघा, खांदा, पाठ व टाच यांच्या अतिवापरजन्य दुखापती होतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ च्या अहवालात एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणे साधारण १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकलावे आणि आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती द्यावी, अशी शिफारस केली आहे. मानसिक परिणाम याहून सूक्ष्म असतात. आपल्यामुळे घरचे कर्ज झाले ही जाणीव मुलाला खेळ सोडू देत नाही आणि नीट खेळूही देत नाही. पराभव हा सामन्यातला न राहता घरातला होतो.

### गैरप्रकार

लाभ प्रमाणपत्राशी जोडलेला असल्यामुळे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली. त्यांत ट्रॅम्पोलिनसारख्या अल्पपरिचित खेळांची नावे पुढे आली आणि शासनाला पडताळणीची पद्धत कडक करावी लागली. खोट्या प्रमाणपत्रावर मिळालेली नोकरी जाते आणि फौजदारी गुन्हाही नोंदवला जातो. वयचोरी हा दुसरा प्रकार होय. तो रोखण्यासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळ वयोगट स्पर्धांतील खेळाडूंच्या हाडांची चाचणी घेते. या दोन्ही प्रकारांत निर्णय बहुधा प्रौढांचा असतो आणि शिक्षा खेळाडूला भोगावी लागते.

## उल्लेखनीय उदाहरणे

रोहित शर्मा यांना शाळकरी वयात प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या प्रयत्नाने बोरिवलीतील स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये शुल्कमाफी मिळाली. ती नसती, तर त्या शाळेचे शुल्क त्यांच्या कुटुंबाला परवडणारे नव्हते. ही सवलत मागून मिळवलेल्या प्रमाणपत्रावर नव्हे, तर प्रशिक्षकाने मैदानावर पाहिलेल्या खेळावर मिळाली होती.

कल्याणच्या प्रणव धनावडे या विद्यार्थ्याने जानेवारी २०१६ मध्ये भंडारी करंडक आंतरशालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ मधील ए. ई. जे. कॉलिन्स यांचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. मुंबई क्रिकेट संघटनेने त्यांना पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. त्यानंतर देशभरातून झालेल्या कौतुकाबरोबर अपेक्षांचे ओझेही आले. पुढील काळात कामगिरी त्या तोलाची होत नाही असे दिसल्यावर २०१७ मध्ये त्यांच्या वडिलांनीच संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या पालकाने चालू असलेले साहाय्य स्वतःहून नाकारल्याचे हे उदाहरण या विषयाच्या चर्चेत महत्त्वाचे मानले जाते. एका असामान्य खेळीवरून पुढील कारकिर्दीचे भाकीत करता येत नाही, हेही त्यातून दिसून आले.

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांना २००९ मध्ये त्यांच्या शिक्षक वडिलांनी राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. २०१५ मध्ये त्यांना रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक. खाशाबा जाधव यांच्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. प्रबोधिनीतील प्रवेश ते पदक हा काळ पंधरा वर्षांचा आहे.

बीड जिल्ह्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांचा मार्ग वेगळा होता. बारावीनंतर ते नोकरी म्हणून सैन्यात गेले आणि धावपटू म्हणून त्यांची जडणघडण तेथे झाली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या बाबतीत नोकरी आधी व खेळ नंतर असा क्रम होता.

## परदेशी शिष्यवृत्तीची आशा

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा व्यवस्था मुख्यतः एनसीएए या संघटनेच्या नियंत्रणाखाली चालते. तिचे तीन विभाग असून तिसऱ्या विभागातील संस्था क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीगच्या संस्थाही ती देत नाहीत. तेथे मिळणारे साहाय्य कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर आधारित असते. एनसीएएच्या स्वतःच्या माहितीनुसार अमेरिकी माध्यमिक शाळांतील खेळाडूंपैकी सुमारे २ टक्के विद्यार्थ्यांनाच महाविद्यालयीन क्रीडा शिष्यवृत्ती मिळते आणि तीही पुष्कळदा आंशिक असते. २०२५ पूर्वीच्या नियमांनुसार पहिल्या विभागातील पुरुषांच्या टेनिस संघाला एकूण साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या संपूर्ण संघात वाटल्या जात. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर तडजोड स्वीकारणाऱ्या संस्थांत शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली.

भारतीय पालकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रिकेट, कबड्डी, खो-खो व बॅडमिंटन हे खेळ एनसीएएच्या अजिंक्यपद स्पर्धांत नाहीत. टेनिस, ॲथलेटिक्स, जलतरण, गोल्फ यांसारख्या खेळांत मात्र भारतीय विद्यार्थी तेथे चमकले आहेत. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना सोमदेव देववर्मन यांनी २००७ व २००८ मध्ये एनसीएएचे एकेरी विजेतेपद मिळवले, तर कॅन्सस स्टेट विद्यापीठाचे तेजस्विन शंकर उंच उडीत विजेते ठरले. हे दोघेही तेथे गेले तेव्हा आपल्या वयोगटात देशातील अग्रगण्य खेळाडू होते.

पालकांची महत्त्वाकांक्षा टोकाला गेल्यास काय होते, याचे उदाहरण २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झाले. काही श्रीमंत पालकांनी दलालामार्फत प्रशिक्षकांना लाच देऊन आपल्या मुलांना खोटेच ‘खेळाडू’ म्हणून नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळवून दिला होता. या प्रकरणी अनेकांना तुरुंगवास झाला.

## वास्तववादी नियोजन

क्रीडा शिक्षक व मार्गदर्शक पालकांना सामान्यतः पुढील गोष्टी तपासण्यास सुचवतात.

- खेळ व त्याची राज्य संघटना शासनाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून प्रत्यक्ष विचारून घेणे.
- स्पर्धेत भाग घेण्यापूर्वीच तिचे प्रमाणपत्र कोणत्या लाभासाठी ग्राह्य आहे, याची खात्री करणे.
- मुलाच्या कामगिरीची तुलना आपल्या शाळेशी वा अकादमीशी न करता त्याच वयोगटातील राज्यस्पर्धेच्या निकालांशी करणे. वेळ, अंतर किंवा वजन मोजता येणाऱ्या खेळांत ही तुलना सोपी असते.
- शिष्यवृत्ती मिळणार नाही असे गृहीत धरून उच्च शिक्षणाची तरतूद स्वतंत्रपणे चालू ठेवणे.
- दर वर्षी मुलाला खेळ चालू ठेवायचा आहे का, हे विचारणे आणि नकार आल्यास तो स्वीकारणे.
- खेळाशी निगडित इतर व्यवसायांची, म्हणजे शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी, पंचगिरी, क्रीडा व्यवस्थापन यांची माहिती करून घेणे. क्रीडाविषयक उच्च शिक्षणासाठी पुणे येथे महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०२० मध्ये झाला.

अपेक्षा अवास्तव असली, तरी खेळण्याचे लाभ त्यामुळे कमी होत नाहीत. आरोग्य, शिस्त, संघभावना व पराभव पचवण्याची सवय हे लाभ तालुक्याच्या संघातील बाराव्या खेळाडूलाही मिळतात आणि त्यांसाठी कोणत्याही कार्यालयाच्या पडताळणीची गरज लागत नाही.

## हेही पहा

- खेलो इंडिया
- क्रीडा प्रबोधिनी
- शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार
- खाशाबा जाधव
- पनवेल